खाल्लं, पण पचलं नाही!

आमच्या फ्लॅटमध्ये दोन बेडरूम आहेत. एकीला बाल्कनी आहे, अटॅच्ड बाथरूम आहे आणि मे महिन्यात खिडकीबाहेर गुलमोहर लालभडक फुललेला असतो. दुसरीच्या खिडकीतून इमारतीची डक्ट दिसते आणि भिंतीपलीकडून दिवसभर लिफ्टची धाडधाड ऐकू येते. भाडं मात्र निम्मं निम्मं. पहिले अकरा महिने गुलमोहरवाली खोली माझ्याकडे होती, कारण फ्लॅट मी शोधला होता आणि ब्रोकरशी घासाघीसही मीच केली होती. अ‍ॅग्रीमेंट रिन्यू करायची वेळ आली तेव्हा माझी फ्लॅटमेट एका शनिवारी चहाचा कप घेऊन माझ्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आता मी हिकडं येतो."

(ती कोल्हापूरची आहे. तिथल्या बऱ्याच मुलींसारखी ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलते. आता कधीकधी माझ्याही तोंडून ‘मी जेवतो’ निघून जातं आणि पुण्यातले नातेवाईक चमकून बघतात.)

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हीच खरी पंचाईत. ती हिंजवडीत यूएस शिफ्ट करते. पहाटे कॅबमधून उतरते आणि दिवसा झोपते. लिफ्टशेजारी दिवसा झोपून दाखवा बरं तुम्ही! माझं म्हणणं असं की मी फ्रीलान्सर, खिडकीतलं टेबल हेच माझं ऑफिस. डक्टमधल्या कबुतरांकडे बघत रोज आठ तास लिहायचं म्हणजे शिक्षाच. एकीचं चूक असतं तर भांडण दोन दिवसांत मिटलं असतं. दोघींचंही बरोबर होतं, त्यामुळे ते चिघळलं. तिसऱ्या आठवड्यात फ्रिजमध्ये दुधाच्या पिशव्या वेगळ्या झाल्या. शेअरिंगमध्ये राहिलेल्यांना कळेल, दुधाची पिशवी वेगळी होणं म्हणजे काय ते.

टॉस करायला ती तयार नव्हती. "नशिबावर खोली द्यायची? येडी आहेस का?" बुद्धिबळ मला चाललं असतं, कारण शाळेत असताना मी क्लासला जायचे. साहजिकच ते तिला नको होतं. तिला कॅरम चालणार होता, कारण तिच्या हातात स्ट्रायकर आला की समोरच्याला फक्त पावडर टाकायचं काम उरतं. शेवटी एक तोडगा निघाला. दोघींनाही येत नाही असा खेळ शोधायचा, महिनाभर प्रॅक्टिस करायची आणि शेवटच्या रविवारी एकच डाव. जिंकेल तिची बाल्कनी.

शोधायचं काम माझ्याकडे आलं. त्याच सुमारास मी ‘वीकेंडला घरी काय खेळाल’ छापाच्या एका लेखासाठी वाचत होते. त्यात मला लास्का सापडला.

चॅम्पियनचा साइड प्रोजेक्ट

तुमच्यापैकी अनेकांनी चेकर्स ऊर्फ ड्राफ्ट्स खेळलेला असेल. लहानपणी वाढदिवसाला मिळणाऱ्या मॅग्नेटिक गेमच्या डब्यात सापशिडी, ल्युडो यांच्यासोबत तो हमखास असायचा. बुद्धिबळाचाच पट, पण सोंगट्या चपट्या आणि सगळ्या सारख्या. तिरपं एक घर पुढे जायचं, समोरच्याच्या सोंगटीवरून उडी मारायची आणि ती उचलून डब्यात टाकायची. खाल्ली. संपली.

जगभर या खेळाच्या कितीतरी आवृत्त्या आहेत आणि गंमत म्हणजे त्यांच्यातली भांडणं बहुतेक खाण्यावरूनच आहेत. तुर्कस्तानात तिरपं नाही, सरळ आणि आडवं खातात. इटलीत साधी सोंगटी राजाला खाऊ शकत नाही, तिची तेवढी लायकी नाही असा हिशेब. दहा बाय दहाच्या आंतरराष्ट्रीय ड्राफ्ट्समध्ये दोन वाटा असतील तर जिथे जास्त सोंगट्या मिळतात ती वाट घ्यावीच लागते, मग पुढे खड्डा असला तरी. नेदरलँड्सच्या फ्रिसलंडमधले लोक तर तिरपंही खातात, सरळही आणि आडवंही. पण या सगळ्यांत एक गोष्ट कॉमन आहे. खाल्लेली सोंगटी पटाबाहेर जाते.

लास्कामध्ये ती बाहेर जात नाही. तिला खाणाऱ्याच्या पोटाखाली जावं लागतं. अक्षरशः.

हा उद्योग केला इमानुएल लास्करने. बुद्धिबळवाल्यांना हे नाव माहीत असेल. 1894 साली तो जगज्जेता झाला आणि 1921 पर्यंत, म्हणजे तब्बल 27 वर्षं, त्याने ते पद सोडलं नाही. आपल्या विशी आनंदपासून कार्लसनपर्यंत कुणालाही हे जमलेलं नाही. शिवाय हा माणूस फक्त बुद्धिबळ खेळत बसला नव्हता. तो गणिती होता. 1905 साली त्याने मांडलेलं एक प्रमेय आजही बीजगणिताच्या पुस्तकांत लास्कर–नोएथर नावाने शिकवलं जातं. तत्त्वज्ञानावर पुस्तकं लिहिली, ब्रिज खेळला. बर्लिनमध्ये आइनस्टाइनशी त्याची ओळख होती. पुढे लास्करचं चरित्र निघालं तेव्हा प्रस्तावना आइनस्टाइननेच लिहिली. आणि 1911 मध्ये, जगज्जेतेपद खिशात असताना, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्याने चेकर्समध्ये हात घालून स्वतःचा खेळ काढला, त्याचं पेटंट घेतलं आणि आपल्याच आडनावावरून त्याला नाव दिलं. त्याच वर्षी त्याचं लग्नही झालं. माणसाला वेळ कसा पुरायचा कोण जाणे.

कल्पना संपूर्णपणे त्याची नव्हती, हेही सांगायला हवं. रशियात ‘बाश्नी’, म्हणजे मनोरे, नावाचा खेळ आधीपासून होता. त्यात सोंगट्यांवर सोंगट्या चढायच्या. पण त्याचा पट आठ बाय आठ आणि राजे पटभर लांब उड्या मारणारे. लास्करने पट सात बाय सातचा केला आणि लांब उड्या बंद केल्या. त्यामुळे पट आटोपशीर झाला आणि नुसत्या घरांच्या दाटीनेच दम लागायला लागला.

आता नियम

बुद्धिबळाचा जुना पट घ्या. एक उभी आणि एक आडवी रांग कागद चिकटवून बंद करा, की सात बाय सात उरतो. चारही कोपऱ्यांत एकाच रंगाची घरं येतील. खेळायचं फक्त त्या रंगाच्या घरांवर, अशी 25 घरं होतात. रांगांमध्ये ती 4, 3, 4, 3, 4, 3, 4 अशी पडतात. प्रत्येकाच्या 11 सोंगट्या आपल्याकडच्या पहिल्या तीन रांगांत, 4 अधिक 3 अधिक 4. मधली तीन घरांची एक रांग तेवढी रिकामी. बस, तेवढंच काय ते रणांगण. अकरा सोंगट्या आणि अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट हा योगायोग आम्ही दोघींनीही गांभीर्याने घेतला.

सोंगट्या एकमेकींवर नीट बसल्या पाहिजेत, त्यामुळे कॅरमच्या सगळ्यात बेस्ट. फक्त एका सेटमध्ये नऊ काळ्या आणि नऊच पांढऱ्या असतात. प्रत्येक रंगाच्या दोन-दोन कमी पडतात. आम्ही त्या सोसायटीच्या क्लब हाऊसमधून आणल्या. ‘आणल्या’ म्हणजे विचारून नाही.

साध्या सोंगटीला लास्करने सैनिक म्हटलंय. आम्ही शिपाई म्हणायला लागलो. शिपाई तिरपा, पुढे, एक घर जातो. पलीकडच्या टोकाला पोचला की त्याचा ऑफिसर होतो, आणि ऑफिसरला पुढे-मागे दोन्हीकडे जाता येतं, पण तेही एकच घर. शिपाई आणि ऑफिसर म्हटल्यावर आमच्या डोळ्यांसमोर युद्ध यायच्या ऐवजी थेट सरकारी कचेरी आली, त्यामुळे ऑफिसरचे ‘साहेब’ झाले. प्रत्येक सोंगटीच्या एका बाजूला एक टिकली चिकटवून ठेवायची. ती बाजू खाली असेल तोवर शिपाई. प्रमोशन झालं की सोंगटी उलटी करायची, टिकली वर.

आता खाण्याबद्दल, कारण सगळा खेळ तिथेच आहे. समोर तिरप्या घरात शत्रूची सोंगटी आहे आणि तिच्या पलीकडचं घर रिकामं आहे, तर उडी मारायची. मारायचीच, हं. खाणं शक्य असेल तर ते कंपल्सरी आहे, आणि एका उडीनंतर त्याच सोंगटीला दुसरी उडी मिळत असेल तर तीही. (उडी मारत शिपाई टोकाला पोचला आणि साहेब झाला, तर मात्र पाळी तिथेच संपते. नव्या साहेबाने एक चाल दम खायचा.) दोन ठिकाणी खाता येत असेल तर कुठलं ते तुम्ही निवडा. पण ‘आज भूक नाही’ म्हणता येत नाही.

खाल्लेली सोंगटी उचलायची आणि आपल्या सोंगटीच्या तळाशी सरकवायची. आता ही दोघांची चवड एकत्र फिरणार. वर तुम्ही, खाली कैदी. अजून एक खाल्ली तर तीही तळाशी. सर्वांत वर जो, मनोरा त्याचा. आणि मनोरा चालतो तो वरच्याच्या दर्जाप्रमाणे. खाली दबलेला साहेब असला तरी वर शिपाई असेल तर शिपायासारखंच चालायचं.

मग शत्रू येतो आणि तुमच्या मनोऱ्यावरून उडी मारतो. त्याला काय मिळतं? फक्त वरची एक सोंगटी. म्हणजे तुम्ही. तुम्हाला तो आपल्या तळाशी घालतो, आणि तुमचे कैदी आहेत त्याच घरात, मोकळे. आता तो मनोरा त्यांचा. चारजण दबून बसले होते, ते एकदम चारजणांचा मनोरा होऊन उभे राहतात.

ज्याच्याकडे चाल उरली नाही तो हरला. सगळ्या सोंगट्या दबल्या म्हणून असो किंवा वाटा अडल्या म्हणून. डाव सुरू होताना पटावर 22 सोंगट्या असतात, संपतानाही 22च. इथे कुणी मरत नाही.

सहा खाल्ल्या आणि हरले

हे सगळं समजायला दहा मिनिटं लागतात. पटायला मात्र मला दोन आठवडे लागले.

पहिल्या डावात मी क्लासमध्ये शिकवलेलं केलं: मटेरियल मोजलं. तिच्या सहा सोंगट्या माझ्याखाली होत्या, माझ्या फक्त दोन तिच्याकडे. मी मनातल्या मनात बाल्कनीत तुळस लावली. तेवढ्यात तिने दोन उड्या मारल्या, माझे दोन टोपीवाले उचलले, आणि पटावर तिचे तीन-तीनचे दोन भक्कम मनोरे उभे राहिले. पुढच्या आठ-दहा चालींत मी संपले. ती रात्री कॅबमधून मला मेसेज करते, ‘खा की अजून.’

तिला खेळ माझ्या आधी कळला, आणि तो तिच्या ऑफिसमुळे कळला असं ती म्हणते. "अगं, आमच्यात पण असंच. एक टीम दुसऱ्या टीमला गिळती. वर एक मॅनेजर बसतो, खाली सगळी जुनी माणसं. तो मॅनेजर सोडून गेला की खालची सगळी टीम जिथल्या तिथं. आणि आधीपेक्षा घट्ट."

मग मी एका दुपारी, लिहायचं सोडून, पट मांडून एकटीच बसले. आणि मला एक गोष्ट दिसली जी दहा डाव खेळून दिसली नव्हती. या खेळात तुमची सोंगटी तुमच्याच सोंगटीवर कधीच चढू शकत नाही. स्वतःहून दोनजणांचा मनोरा बांधायची सोयच नाही. तळाशी जाते ती नेहमी शत्रूची. मग आपल्याच रंगाचे दोन, तीन, चार एकमेकांवर असलेले भक्कम मनोरे येतात कुठून? एकाच रस्त्याने. समोरच्याने ते आधी खाऊन, गोळा करून, एकावर एक रचून ठेवलेले असतात. तुम्ही फक्त वरची टोपी काढायची.

म्हणजे माझे सगळे किल्ले ती बांधणार आणि तिचे मी!

यातूनच दुसरी एक गोष्ट निघते. मनोरा कितीही उंच झाला तरी त्यात रंग एकदाच बदलतो. वर एका रंगाचा गट, खाली दुसऱ्या रंगाचा. काळा-पांढरा-काळा असं सँडविच कधीही होत नाही. त्यामुळे कुठल्याही मनोऱ्याकडे बघून दोनच आकडे मोजायचे: वर मालक किती, खाली कैदी किती. चार मालक आणि एक कैदी, तर निवांत फिरा, चारदा मार खाईपर्यंत तो मनोरा तुमचाच आहे. एक मालक आणि चार कैदी, तर तो मनोरा दिसायला उंच, पण खरं म्हणजे शत्रूचा आहे. तुम्ही तो तात्पुरता सांभाळताय. ईएमआयवरच्या गाडीसारखा.

असा डुगडुगता मनोरा कडेच्या घरात नेऊन ठेवायचा, कारण पटाच्या कडेवर असलेल्यावरून उडी मारता येत नाही, पलीकडे उतरायला घरच नसतं. मला वाटलं, सुटला प्रश्न. पण खाणं कंपल्सरी आहे ना! समोरचा एक शिपाई आणून पुढ्यात ठेवतो, तुम्हाला कड सोडून ते खावंच लागतं, आणि तुम्ही जिथे उतरता तिथे तो वाटच बघत असतो. हे आमिष दाखवणं म्हणजे लास्काचा अर्धा खेळ. यात देणारा कधीच काही गमावत नाही, कारण दिलेला शिपाई तुमच्याच मनोऱ्याच्या तळाशी जातो आणि दोन चालींनी परत मिळतो. व्याजासकट.

आणि कैद्यांची सीनियॉरिटी असते! जो आधी पकडला तो रांगेत वर. टोपी निघाली की सर्वांत आधी पकडलेला मालक होतो. पकडलेला साहेब कैदेतही साहेबच राहतो, टिकली तशीच. म्हणजे तुम्ही सुरुवातीला हौसेने साहेब खाल्लात आणि त्यावर तीन शिपाई, तर सुटल्यावर तो चौघांचा मनोरा साहेबाच्या चालीने फिरणार. मागेसुद्धा.

हे कळल्यावर मी सलग चार डाव जिंकले. दुधाची पिशवी अजून वेगळीच होती, पण रात्री कॅब यायच्या आधी एक डाव आणि सकाळी ती आल्यावर, म्हणजे माझा पहिला चहा आणि तिचं जेवण, दुसरा डाव असं सुरू झालं होतं. भांडण चालू असलेल्या दोन माणसांना समोरासमोर बसून अर्धा तास काहीतरी करायला मिळणं ही सोय आहे. बोलावं लागत नाही.

अशाच एका सकाळी मी तिला लास्करचं पुढचं आयुष्य वाचून दाखवलं. तो ज्यू होता. 1933 साली नाझी सत्तेवर आल्यावर त्याला आणि त्याची बायको मार्थाला जर्मनी सोडावी लागली, तिथली मालमत्ता जप्त झाली. बुद्धिबळाच्या स्पर्धा त्याने काही वर्षांपूर्वीच सोडून दिल्या होत्या. पैशांसाठी, पासष्टी गाठलेल्या वयात, तो परत पटावर आला. 1935 मध्ये मॉस्कोच्या स्पर्धेत, 66व्या वर्षी, एकही डाव न हरता तिसरा आला; ज्याने त्याचं जगज्जेतेपद घेतलं होतं तो कापाब्लांका त्याच्या खाली होता. काही काळ ते दोघं मॉस्कोतच राहिले, मग 1937 मध्ये अमेरिका. न्यूयॉर्कमध्ये 1941 च्या जानेवारीत तो गेला.

ती ऐकत होती. भाकरीचा तुकडा हातात तसाच. मग म्हणाली, "घर गेलं व्हय त्याचं?" मी म्हटलं, हो, बर्लिनमधलं. थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. मग ती म्हणाली, "तुझी चाल आहे."

फायनल

शेवटच्या रविवारी दुपारी चार वाजता बसलो. पांढऱ्या माझ्या. मोबाइल सायलेंट.

सुरुवात मी फार जपून केली. तीही. मधल्या तीन घरांत कुणी पाय ठेवेना. पण लास्कात टाइमपास फार वेळ करता येत नाही, जपून खेळायच्या चाली आठ-दहात संपतात आणि कुणाला तरी दार उघडावं लागतं. मी उघडलं. देवाणघेवाण झाली. तिचा एक शिपाई माझ्या टोकाला पोचून साहेब झाला आणि दुसऱ्याच चालीला माझ्या एका शिपायाच्या उडीत सापडला. तिचा एकुलता एक साहेब माझ्या खाली! मला माहीत होतं की हा साहेब आता रांगेत पहिला आहे. त्याच लेखासाठी केलेल्या टिपणात मी स्वतः लिहून ठेवलं होतं की साहेबावर बसलेल्या शिपायाने पुढे काही खाऊ नये. मी ठरवलं, हा मनोरा कडेला नेऊन ठेवायचा आणि बाकीच्यांनी खेळायचं.

वाटेत दोन ठिकाणी खावं लागलं. कंपल्सरी. कडेला पोचले तेव्हा वर मी एकटी, खाली साहेब आणि दोन शिपाई.

पुढची पंधरा मिनिटं डाव माझ्या बाजूने होता, हे तिनेही नंतर कबूल केलं. माझा एक दोन मालकांचा मनोरा तयार झाला होता (तिच्याच कृपेने), एक शिपाई साहेब व्हायला दोन चालींवर होता. आणि मी तो पुढे सरकवला. कडेवरच्या मनोऱ्याकडे बघितलंच नाही. तिने काळा शिपाई अलगद आणून मनोऱ्याच्या तोंडाशी ठेवला आणि चहाचा कप उचलला.

मी पट बघितला. दुसरीकडे कुठे खाता येतंय का? नाही. हीच एक उडी होती. मारली. चौथा कैदी तळाशी गेला. आता मी पटाच्या मध्यावर, खाली चौघं, आणि तिरपा तिचा शिपाई, माझ्या पलीकडचं घर रिकामं.

"आता मी खातो," ती म्हणाली.

टोपी गेली. मध्यावर चार काळ्यांचा मनोरा, वर टिकली. माझे पुढे गेलेले सगळे शिपाई त्याच्या पलीकडे होते, पाठ करून. शिपायांना मागे खाता येत नाही. साहेब निवांत मागून आला आणि एकेकाला उचलत गेला. मी दोनदा त्याच्यावर उडी मारली, दोनदा फक्त वरचा एक मिळाला, खाली तिचेच उभे. सव्वापाच वाजता माझ्याकडे दोन शिपाई होते, दोघांचीही वाट अडलेली. चाल नाही.

मी हरले. बरं वाटलं असं म्हणणार नाही, खूप वाईट वाटलं. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मी ते किचनमध्ये जाऊन पुसलं. गुलमोहर गेला तो गेलाच.

सामान हलवायला संध्याकाळ लागली. माझं टेबल डक्टच्या खिडकीतून काही केल्या बरं दिसेना, तेव्हा तिनेच ते उचलून हॉलमध्ये लावायला लावलं. म्हणाली, मी दिवसा झोपलेली असते तेव्हा हॉल कोणाचा असतो? हे तिला चार आठवड्यांपूर्वी सुचलं असतं, किंवा मला, तर हा लेख झाला नसता. पण तेव्हा आम्ही दोघी बाल्कनी मोजत होतो. सोमवारी सकाळी फ्रिज उघडला तर दुधाची एकच मोठी पिशवी होती.

पुढचं अ‍ॅग्रीमेंट संपायला अजून नऊ महिने आहेत. मी दुपारी हॉलमध्ये पट मांडून एकटीच प्रॅक्टिस करते आहे आणि तिला ते माहीत आहे.

एक राहिलं. मागच्या आठवड्यात आम्ही क्लब हाऊसच्या चार सोंगट्या गुपचूप जागेवर ठेवून आलो. परवा सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज आला: ‘कॅरमच्या सोंगट्यांना टिकल्या कोणी लावल्या आहेत? कृपया काढून घ्याव्यात.’